मळीपासून नळापर्यंत : व्हायनिल बहुवारिकांचे संशोधन

रसायन उद्योगाच्या संदर्भात बेलापूरचे नाव निघाले की बहुतेकांना ठाणे-बेलापूर पट्टा आठवतो. येथे अभिप्रेत आहे ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील, प्रवरेकाठचे बेलापूर. श्रीरामपूरच्या रेल्वे स्थानकाला अद्याप याच गावाचे नाव आहे. हा ऊस आणि साखर यांचा मुलूख. सहकारी चळवळीपूर्वीच येथून जवळ हरिगाव येथे खाजगी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे प्रवरानगर येथे सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये सुरू झाला. साखर निघाल्यानंतर मागे उरते ती मळी. मळी आंबवून अल्कोहोल मिळते. अल्कोहोलची वाफ तापलेल्या अ‍ॅल्युमिनासारख्या उत्प्रेरकावरून नेली असता तिच्यातील पाण्याचा अंश निघून जाऊन एथिलीन हा वायू हाती येतो. व्हायनिल संयुगांची कहाणी येथूनच सुरू होते. ‘व्हायनिल’ हा शब्द मद्यवाचक लॅटिन शब्दावरून आलेला आहे, ही गोष्ट साखरपट्ट्यातील वाचकांना गंमतीची वाटेल.

एथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. फुगडी घालणाऱ्या दोन मुलींनी एकमेकींचे दोन्ही हात धरलेले असावेत, तसेच हे. त्यांनी एकेक हात सोडून शेजारच्या जोडीचा हात धरला, त्या जोडीनेही तसेच केले, की पाहता पाहता लांबच लांब रांग तयार होते. रसायनशास्त्रात ही पहिली जोडी सोडविण्याचे काम प्रारंभक नावाचा पदार्थ करतो. सुट्या रेणूला एकवारिक आणि अशा हजारो रेणूंच्या साखळीला बहुवारिक म्हणतात. एथिलीनच्या एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आले तर व्हायनिल क्लोराइड, अ‍ॅसिटेट गट आला तर व्हायनिल अ‍ॅसिटेट. पहिल्यापासून पीव्हीसी नळ होतात, तर दुसऱ्यापासून सुतारकामातील व शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासातील पांढरा डिंक होतो.

हे पदार्थ प्रयोगशाळेत प्रथम दिसले तेव्हा त्यांचा उपयोग कोणालाच सुचला नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यांनी व्हायनिल क्लोराइड १८३५ मध्ये तयार केले आणि जर्मनीतील बाउमान यांनी १८७२ मध्ये त्याचा पांढरा घन पदार्थ बनल्याचे नोंदविले. इतके प्रचंड रेणू असू शकतात हेच पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना मान्य नव्हते. हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये ही कल्पना मांडली आणि दीर्घ वादानंतर १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली, तेव्हा कोठे हा पदार्थ बाजारात आला. अशा संशोधनाला ‘निरुपयोगी’ म्हणणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानात घ्यावा.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न साखळीतील दोषांचा आहे. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते आणि ते मिठापासून मिळते. साखळी निर्दोष असती तर ती उष्णता बरीच सहन करती. प्रत्यक्षात साखळी बनताना कोठे फाटा फुटतो, कोठे दुहेरी बंध शिल्लक राहतो. या कमकुवत जागेवरील क्लोरीन उष्णतेने सुटून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडते, मग शेजारचे, मग त्याच्या शेजारचे. विणलेल्या कापडाचा एक धागा निसटल्यावर वीण उसवत जावी तसा हा प्रकार. पदार्थ पिवळा, मग तपकिरी पडतो आणि ठिसूळ होतो. नळ ओतताना उष्णता द्यावीच लागते, म्हणून त्यात स्थिरीकारक मिसळतात. वर्षानुवर्षे त्यासाठी शिशाची संयुगे वापरली गेली, कारण ती स्वस्त व परिणामकारक होती. परंतु शिसे पाण्यात उतरू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते अपायकारक आहे. पीव्हीसी नळांतील शिसेयुक्त स्थिरीकारकांवर निर्बंध घालणारे नियम केंद्र शासनाने २०२१ मध्ये अधिसूचित केले. कॅल्शियम-जस्ताची संयुगे हा त्यावरील पर्याय आहे. रेणूत दोष नेमका कोठे राहतो हे ठाऊक झाल्यावाचून असे पर्याय शोधणे अंधारात चाचपडण्यासारखे झाले असते.

म्हणून पाणीपुरवठा योजनेसाठी नळ घेताना केवळ दर पाहू नये. पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी नळांसाठी भारतीय मानक ४९८५ आहे. ते चिन्ह नळावर छापलेले आहे की नाही हे सदस्यांनी स्वतः पाहावे. नळांचा ढीग महिनोन् महिने उन्हात ठेवू नये आणि उरलेले तुकडे जाळू नयेत, कारण त्यांच्या धुरात हायड्रोजन क्लोराइडबरोबर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही असू शकतात. व्हायनिल क्लोराइड वायूमुळे कामगारांना यकृताचा दुर्मिळ कर्करोग होतो हे १९७४ मध्ये अमेरिकेत उघड झाले. तेव्हापासून कारखान्यातील हवा व तयार मालातील अवशिष्ट वायू यांबाबतचे नियम कडक झाले. एकवारिक आणि बहुवारिक यांच्या गुणधर्मांत किती अंतर असते याचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रात या विद्येचे प्रमुख केंद्र म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. एस. शिवराम यांसारख्या बहुवारिकशास्त्रज्ञांनी पुढे या संस्थेचे संचालकपद भूषविले. तेथे तयार झालेले ‘जलशक्ती’ हे जलशोषक बहुवारिक अवर्षणप्रवण भागात कुतूहलाचा विषय ठरले होते. असे पदार्थ शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतात, पण क्षारयुक्त पाण्यात ही शक्ती फार घटते. कालव्याखालील चोपण जमिनीत त्याचा वापर करू इच्छिणाऱ्याने प्रथम माती व पाणी तपासून घेणे इष्ट.

मळीकडे पुन्हा वळू. १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे निघालेले पॉलिथीन अल्कोहोलपासूनच्या एथिलीनचे होते. पुढे खनिज तेलातील नॅफ्था स्वस्त पडू लागला आणि हा मार्ग मागे पडला. कोपरगाव तालुक्यातील साखरवाडीत मात्र अल्कोहोलपासून एथिल अ‍ॅसिटेटसारखी रसायने आजही तयार होतात. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलचे पॉलिथीन वर्षाला २ लाख टन क्षमतेच्या कारखान्यात निघू लागले. आपल्याकडे सध्या अल्कोहोलचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळण्याकडे जातो. त्यातून रसायनांसाठी किती उरते आणि कोणत्या भावाने, यावर प्रवराकाठच्या मळीचे नळ होतील की नाही हे अवलंबून राहील.