मागचं दार आणि पाचवं चाक

गाडीच्या पाठीकडून आपल्याला दोन गोष्टी एकदम हव्या असतात. सामान चढवायला रुंद, सहज उघडणारं दार हवं आणि पंक्चरच्या वेळी लागणारं पाचवं चाकही तिथेच हाताशी हवं. दार हा हलणारा भाग, तो जेवढा हलका तेवढा बरा. चाक म्हणजे पंचवीस-तीस किलोंचं ओझं, ते जराही हलता कामा नये. या दोन गरजांचा मेळ घालता घालता जीप, स्टेशन वॅगन, पिकअप, हॅचबॅक अशा गाड्यांच्या मागच्या बाजूला कितीतरी घडणी आल्या. इंजिनाबद्दल भरभरून लिहिलं जातं. बिजागरीची पिन मात्र तुटेपर्यंत कुणाला आठवत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण अपघातात माणूस गाडीच्या आत राहतो की रस्त्यावर फेकला जातो, हे पुष्कळदा अशा लहानशा भागांवर ठरतं.

पाचव्या चाकाची हकिगत वेल्समधल्या लॅनेली गावात सुरू होते. मोटारींच्या पहिल्या पिढीत चाक सहजी निघत नसे. पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर रिमवरून उतरवायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि सगळं पुन्हा चढवायचं. टॉम आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ मध्ये त्यावर तोडगा काढला. आरे नसलेली नुसती रिम, तिच्यावर हवा भरलेला टायर, आणि ती रिम पंक्चर चाकाच्या शेजारी पकडींनी आवळायची. मूळ चाक जागीच राही आणि गाडी शेजारच्या टायरवर धावे. त्यांचा व्यवसाय स्टेपनी स्ट्रीटवर होता. ते नाव आपल्याकडचा प्रत्येक ट्रक ड्रायव्हर आजही घेतो. पुढे नट सोडवून अख्खं चाक बदलता येऊ लागलं आणि ते ठेवायचं कुठे, हा नवा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक गाड्यांनी ते पुढच्या मडगार्डच्या खळग्यात उभं केलं. लँड रोव्हरने थेट बॉनेटवर आडवं टाकलं. फोक्सवॅगन बीटलने ते पुढच्या झाकणाखाली ठेवलं आणि त्यातल्याच हवेच्या दाबावर पुढच्या काचेवर पाणी उडवण्याची सोय करून घेतली.

१९४१ च्या विलीज एमबी या लष्करी जीपने चाक मागे टांगलं. तिला मागे दार नव्हतंच. सैनिक बाजूंनी चढत-उतरत, मागचा पत्रा स्थिर होता, त्यामुळे चाकाचं वजन सरळ बॉडीवर जाई. १९४५ मध्ये हीच जीप सीजे-२ए या नावाने शेतकऱ्यांसाठी बाजारात आली. शेतकऱ्याला मागून पोती, अवजारं चढवायची असतात, म्हणून तिला खाली पडणारा फाळका दिला आणि चाक तिथून उचलून बाजूच्या पत्र्यावर लावलं. या सगळ्या विषयातला इतका स्वच्छ निर्णय मला दुसरा दिसत नाही. उघडणाऱ्या भागावर ओझं टाकायचं नाही, हे त्या आराखड्यात कुणीही न सांगता वाचता येतं. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि जीपच्या या घडणीशी महाराष्ट्राचा जो संबंध जुळला तो आज नाशिकमध्ये बनणाऱ्या थारपर्यंत पोचला आहे.

पुढे जीपच्या जागी बंद बॉडीच्या, जास्त माणसं बसवणाऱ्या गाड्या आल्या. बाजूला खिडक्या आणि बाकं आली, तिथली जागा गेली. चाक पुन्हा मागे आलं, पण आता मागे दार होतं. १९९४ ची टाटा सुमो किंवा २००० ची महिंद्रा बोलेरो डोळ्यांसमोर आणा: एका कडेला बिजागऱ्या, दुसऱ्या कडेला लॅच, आणि दाराच्या छातीवर चाक.

यातलं गणित कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे. समजा दार तीस किलोंचं आणि चाकही तीस किलोंचं. दोन्हींचा मिळून गुरुत्वमध्य बिजागरीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे आणि वरच्या-खालच्या बिजागरीत ४५ सेंटिमीटर अंतर आहे. दार उघडं असताना वरची बिजागरी सुमारे ८७ किलोंच्या जोराने बाहेर ओढली जाते, खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. हे गाडी उभी असतानाचं. दार बंद करून खड्ड्यांतून गाडी पळवली की प्रत्येक आदळ्याला तोच भार काही पटींनी वाढतो. म्हणून चांगल्या आराखड्यात बंद दाराचं वजन एकट्या बिजागऱ्यांवर सोडत नाहीत. लॅचच्या बाजूला पाचरीसारखा ठोकळा असतो, तो दार बंद होताना चौकटीतल्या खाचेत घट्ट बसतो आणि दाराला खालून आधार देतो. कोपऱ्यांतले रबरी गुटके दाराला बाहेरच्या दिशेने दाबून ठेवतात, म्हणजे लॅचमध्ये खडखड राहत नाही. हे गुटके झिजले की दार आतल्या आत नाचू लागतं. मग बिजागरीची पिन आणि बुश झिजतात, दार लॅचच्या बाजूने खाली उतरतं, लॅच ज्यात अडकतो तो चौकटीवरचा स्ट्रायकर जुळेनासा होतो आणि दार उचलून धरून आपटल्याशिवाय लागत नाही. अशा वेळी स्ट्रायकर ठोकून खाली घेण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. त्याने दार लागतं, पण दुखणं तसंच राहतं. पिन-बुश आणि गुटके बदलणं हाच इलाज आहे, आणि त्याला खर्चही फार येत नाही.

उतारावर याच दाराचं वेगळं रूप दिसतं. घाटात गाडीचं तोंड खाली असेल, तर बिजागरीची रेषा पुढे कलते आणि चाकासकट जड झालेलं दार आपोआप बंद व्हायला धावतं, नेमकं माणूस आत वाकलेला असताना. त्यासाठी दार उघडल्यावर अडकून राहील असा मजबूत रोधक हवा. साध्या प्रवासी दाराचा पट्टीवजा रोधक इथे पुरत नाही.

बिजागरी कोणत्या बाजूला, हाही दिसायला किरकोळ आणि वापरात मोठा प्रश्न. आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात पदपथ डावीकडे असतो, म्हणून बिजागरी उजवीकडे असली की पदपथावरून थेट मागे जाता येतं. सुझुकी जिम्नीचं दार असं आहे. टोयोटा आरएव्ही-४ चंही असंच होतं, पण उजवीकडून चालणाऱ्या अमेरिकेत तेच दार पदपथ आणि सामान यांच्या मध्ये उभं राही. २०१३ च्या मॉडेलपासून टोयोटाने ते वर उचलणारं केलं आणि चाक मागून काढलं. भारतात बनलेल्या फोर्ड इकोस्पोर्टचं दार डाव्या बिजागरीचं होतं. इतकी देखणी, मागच्या दिव्यात मूठ लपवलेली गाडी, आणि रस्त्याकडेला सामान चढवताना दाराला वळसा घालावा लागे. तपशिलावर खरोखर मेहनत घेतलेल्या गाडीत हे राहून जावं याची हळहळ वाटते.

ज्यांना मोठे टायर लावून डोंगरदऱ्यांत जायचं असतं, त्यांनी यावर वेगळी वाट काढली. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरची मागची दारं चाकाच्या भाराने लोंबत आणि चिरत, म्हणून कित्येक मालक चाकासाठी स्वतंत्र फिरता दांडा बसवतात. तो मागच्या चासीवर किंवा बंपरवर जाड खुंटीभोवती फिरतो, चांगल्या दांड्यात बेअरिंगही असतं. आधी दांडा फिरवायचा, मग दार उघडायचं. काम दुप्पट होतं, पण दाराला फक्त स्वतःचं वजन राहतं.

चाक गाडीच्या पोटाखाली टांगण्याची पद्धत स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत आहे. मागून लांब दांडा घालून फिरवला की तारेवर किंवा साखळीवर चाक खाली येतं. दार मोकळं राहतं, वजनही खाली जातं. मात्र चिखल आणि खारा वारा या यंत्रणेचे वैरी आहेत. वर्षानुवर्षं न फिरवलेली तार गंजून अडकते आणि ते नेमकं रात्री, पावसात कळतं. वर्षातून दोनदा चाक खाली उतरवून ग्रीस लावणाऱ्यांना हा ताप होत नाही.

आता लॅच. आतमध्ये फाट असलेली एक चकती असते, ती चौकटीवरच्या स्ट्रायकरला कवेत घेऊन फिरते आणि मागून एक खिट्टी तिला अडवते. चकतीवर दोन खाचा असतात, म्हणून दार लावताना दोन खटके येतात. पहिल्यावर दार अडकतं, दुसऱ्यावर पूर्ण बसतं. पहिल्या खाचेचा हेतूच असा, की दार नीट लागलं नाही तरी धावत्या गाडीत उघडू नये. अमेरिकन मानक क्रमांक २०६ नुसार पूर्ण बसलेल्या बाजूच्या दाराच्या लॅचने ११,००० न्यूटन, म्हणजे अकराशे किलोंहून जास्त ओढ सोसली पाहिजे, आणि नुसत्या पहिल्या खटक्यावर ४,५०० न्यूटन.

हे आकडे माणसांच्या जिवावर आलेले आहेत. १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात ह्यू डीहेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा दार उघडून बाहेर फेकली गेलेली माणसं फार मोठ्या प्रमाणात दगावतात, हे दिसून आलं. १९५६ च्या फोर्ड गाड्यांत सुधारलेले लॅच आले. तरी मागचं दार कितीतरी वर्षं या विचाराच्या बाहेर राहिलं. ते सामानाचं दार समजलं जाई, आणि मिनीव्हॅनमध्ये त्याच्या पुढ्यातच शेवटच्या ओळीत मुलं बसत. क्रायस्लरच्या मिनीव्हॅनची मागची दारं टकरीत उघडत असल्याची चौकशी झाली आणि १९९५ मध्ये कंपनीने चाळीस लाखांहून अधिक गाड्यांचे लॅच बदलून देण्याचं मान्य केलं. त्याच वर्षी मानक २०६ मागच्या दारांनाही लागू करण्याचा निर्णय झाला. हे व्हायला इतका उशीर लागावा, याचं मला दुःख वाटतं.

वर उघडणाऱ्या डिकीचा प्रश्न लॅचपेक्षा तोलाचा. १९६१ च्या रेनो ४ ने ही रचना सामान्य माणसाच्या गाडीत आणली. पुढे नायट्रोजन भरलेले गॅसचे दांडे आले आणि जड डिकी दोन बोटांनी उचलता येऊ लागली. थंडीत वायूचा दाब घटतो, म्हणून पहाटे डिकी अर्ध्यात रेंगाळते. दांडा जुना झाला की ती डोक्यावर येते. फोर्डच्या १९६६ च्या स्टेशन वॅगनमध्ये तर डोनाल्ड फ्रे यांच्या देखरेखीखाली फाळका आणि दार एकातच आणलं गेलं. तेच पल्लं खाली पाडता येई किंवा दारासारखं बाजूला उघडता येई. कोणती बिजागरी केव्हा सुटायची आणि कोणती धरून ठेवायची, हे ठरवणारी त्याची यंत्रणा मला आजही थक्क करते.

२०२० मध्ये भारत सरकारने नियमांत बदल करून, ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीशिवाय विकण्याची मुभा दिली. विजेच्या गाड्यांना बॅटरीसाठी जागा हवी, त्यांची अडचण मला समजते. पण दुरुस्तीचा संच टायरच्या तळाला पडलेलं भोक बुजवतो; धारदार दगडाने टायरची बाजू फाटली तर तिथे त्याचा उपयोग नाही. त्याच वर्षीच्या थारने आणि नव्या डिफेंडरने चाक मागच्या दारावर कायम ठेवलं, यामागे हाच अनुभव असावा. ज्या कंपन्या चाक गाळतील त्यांनी निदान चासीवर त्याच्यासाठी पक्का आधार तयार ठेवावा. नाहीतर गावाकडे जाणारा मालक बाजारातून चौकट आणून दाराच्या पत्र्यावर चार बोल्टांनी बसवील, आणि तीस किलोंचा भार न धरता बनवलेल्या दोन बिजागऱ्यांना तो पहिल्याच पावसाळ्यातल्या रस्त्यांवर उचलावा लागेल.