शॉर्टवेव्ह रेडिओ घेताना : बँडच्या संख्येला भुलू नका

रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ ज्या पिढीने बुधवारी रात्री काटा सांभाळत ऐकली, तिला शॉर्टवेव्हची ओळख करून द्यावी लागत नाही. तोच छंद पुन्हा जोपासू पाहणारे ज्येष्ठ आणि कुतूहलापोटी त्याकडे वळलेले तरुण बाजारात जातात, तेव्हा मात्र अनेकदा फसगत होते. खोक्यावर ‘दहा बँड’ असे ठळक छापलेला स्वस्त संच घरी येतो, खरखरीपलीकडे फारसे काही ऐकू येत नाही आणि ‘शॉर्टवेव्ह संपली’ असे म्हणून तो माळ्यावर टाकला जातो. दोष पुष्कळदा लहरींचा नसून निवडीचा असतो.

आधी काय ऐकायचे ते ठरवावे

शॉर्टवेव्हवरील केंद्रे कमी झाली आहेत, हे खरे. रेडिओ ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१७ अखेर, तर बीबीसी हिंदीने जानेवारी २०२० अखेर हे प्रसारण थांबवले. तथापि बीबीसीची इंग्रजी सेवा, चायना रेडिओ इंटरनॅशनल अशी केंद्रे या लहरींवर टिकून आहेत. वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. आवडीचे केंद्र आज कोणत्या वेळी व कोणत्या वारंवारतेवर लागते, हे पाहूनच खरेदीला निघावे.

या लहरी वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. सर्वसाधारणपणे दिवसा १३ मेगाहर्ट्झच्या वरचे आणि रात्री १० मेगाहर्ट्झच्या खालचे पट्टे अधिक उपयोगी ठरतात. म्हणून संचात ६ ते १८ मेगाहर्ट्झचा भाग सलग असावा. काही स्वस्त संचांत हा भाग तुकड्यातुकड्यांनी दिलेला असतो आणि मधली केंद्रे सुटतात. ‘दहा बँड’चे रहस्य पुष्कळदा हेच असते.

आकडे दाखवणारा संच

शॉर्टवेव्हवर केंद्रे पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात. इतके बारीक अंतर काट्याच्या तबकडीवर हेरणे कठीण. त्यामुळे वारंवारता आकड्यांत दाखवणारा, आकडे दाबून थेट केंद्र लावता येणारा आणि स्मृतीत केंद्रे साठवणारा संच घ्यावा. शेजारची केंद्रे वेगळी करण्यासाठी बँडविड्थ कमी-जास्त करण्याची सोयही पाहावी. मीडियम वेव्हसाठी ९ किलोहर्ट्झची पायरी निवडता यायला हवी. अमेरिकेतील १० किलोहर्ट्झच्या पायरीवर भारतातील केंद्रे नीट लागत नाहीत.

काट्याचाच संच घ्यायचा असेल, तर दुकानात एक परीक्षा घ्यावी. समजा, ९६०० किलोहर्ट्झवर एखादे जोरदार केंद्र लागले. काटा ९१० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ८६९० च्या आसपास न्यावा. तेथेही तेच केंद्र ऐकू आले, तर संच खऱ्या केंद्रांबरोबर त्यांच्या सावल्याही पकडतो, असे समजावे. ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या वारंवारतेवर चालणाऱ्या साध्या रचनेचा हा दोष आहे.

परवडणाऱ्या संचांत टेकसनचे पीएल-३८० हे केवळ प्रसारण केंद्रे ऐकणाऱ्यास पुरेसे आहे. हौशी रेडिओचालकांचे संभाषण ऐकायचे असेल, तर एसएसबी ही सोय लागते. ती टेकसन पीएल-३३० आणि एक्सएचडाटा डी-८०८ या संचांत आहे. ज्याला बातम्या आणि गाणीच ऐकायची आहेत, त्याने एसएसबीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हेही विचारावे. साधे पेन्सिल सेल गावातल्या दुकानातही मिळतात.

निम्मे काम घरात

चांगला संचही सिमेंटच्या घरात, एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर यांच्या गोंगाटात निष्प्रभ ठरतो. तो खिडकीशी ठेवावा, बॅटरीवर चालवावा आणि जवळचे चार्जर बंद करावेत. चार-पाच मीटर साधी आवरण असलेली तार एरियलला जोडून गॅलरीबाहेर सोडली, तरी पुष्कळ फरक पडतो. तार विजेच्या वाहिन्यांपासून दूर असावी आणि पावसाळी गडगडाटात ती काढून ठेवावी.

इंटरनेटच्या काळात हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये बीबीसीने तेथे ऐकू येईल असे शॉर्टवेव्ह प्रसारण पुन्हा सुरू केले. श्रोत्याच्या गावातील मनोरा पडो, वीज जावो वा जाळे बंद होवो, दूरदेशीच्या प्रक्षेपकाला त्याची गरज नसते. अशा वेळी माळ्यावर नव्हे, हाताशी असलेला संचच उपयोगी पडतो.