गुडघाभर उंचीचा डोळा

झाडाच्या बुंध्याला, जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक मातकट रंगाची डबी पट्ट्याने आवळून बांधलेली असते. ती बांधून झाली की वनरक्षक थोडा मागे जातो, वाटेवर ओणवा होतो आणि दोन्ही हात टेकून तिच्यासमोरून रांगत जातो. डबीतला बारका दिवा लुकलुकला की काम झाले. नाही लुकलुकला तर पट्टा सैल करायचा, मागे काडीची पाचर मारायची, तोंड थोडे खाली वळवायचे आणि पुन्हा रांगायचे. बघणाऱ्याला हसू येईल. पण वाघ दोन पायांवर चालत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने द्यायची परीक्षाही उभ्याने देता येत नाही.

कुरखेडा हा गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडचा तालुका. गावाजवळून सती नदी वाहते. पुराडा, मालेवाडा अशी नावे घेत रस्ता जंगलात शिरतो आणि साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूच्या बेटांतून जात राहतो. वन खात्याच्या हिशेबात हा भाग वडसा वनविभागात येतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा आहे. तिथल्या वाघांचे फोटो जिप्सीतून काढले जातात, त्यांना नावे असतात, चाहते असतात. इकडच्या वाघाचा फोटो बहुधा या डबीनेच काढलेला असतो. तिला सगळे कॅमेरा ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा खरा, पण त्यात अडकतो तो फक्त उजेड.

हा उजेड पकडणे मात्र सोपे नाही. मे महिन्यातल्या दुपारी पानगळ झालेल्या रानात ऊन थेट जमिनीवर उतरते. पन्नास पावलांवर नाल्याच्या काठी बांबूखाली तेव्हाच संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. जुन्या फोटोग्राफरला हे आकाशाकडे बघून कळत असे. किती छिद्र उघडायचे आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, हा त्याचा अंदाज म्हणजेच त्याची कारागिरी. माणूस बाजूला काढला तर हा अंदाज कोणी करायचा?

या प्रश्नाच्या पहिल्या उत्तरांपैकी एकावर चक्क अल्बर्ट आईनस्टाईन यांचे नाव आहे. त्यांनी आणि त्यांचे मित्र, क्ष-किरणतज्ज्ञ गुस्ताव बकी यांनी उजेडानुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या कॅमेऱ्याचे अमेरिकी पेटंट २७ ऑक्टोबर १९३६ रोजी मिळवले. कल्पना सरळ होती. प्रकाश पडला की वीज देणारा एक घट कॅमेऱ्यात बसवायचा आणि त्या विजेने भिंगासमोरची कमी-अधिक पारदर्शक पट्टी फिरवायची. ऊन वाढले की पट्टीचा गडद भाग समोर येतो, सावली आली की फिका. प्रकाशामुळे पदार्थातून इलेक्ट्रॉन का सुटतात, याचे आईनस्टाईन यांनी १९०५ मध्ये दिलेले स्पष्टीकरण १९२१ च्या नोबेलचे कारण ठरले होते. त्यांच्या नावाचा कॅमेरा काही दुकानात आला नाही. १९३८ मध्ये कोडॅकचा सुपर सिक्स-२० आला आणि आपोआप उजेड जुळवणारा कॅमेरा पहिल्यांदा विकत मिळू लागला. त्याची किंमत होती २२५ डॉलर, म्हणजे तो मोजक्यांच्याच हाती गेला. त्यात सेलेनियमचा घट होता. त्याला बॅटरी लागत नसे, उजेड हेच त्याचे खाद्य. जंगलात सेल संपून मुकी पडलेली डबी बघताना त्या घटाची आठवण यावी!

आजच्या डबीत हे काम इवल्याशा चिपवर चालते. पण कॅमेरा ट्रॅपची खरी गंमत उजेड मोजण्याच्या आधीची आहे. बटण दाबणारे बोट नाही, मग दाबायचे केव्हा? १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचा वनाधिकारी उत्तर भारतातल्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवत असे. वाघाचा पाय तारेला लागला की भपकन उजेड होई आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढी. आता तारेऐवजी उष्णता आहे. प्रत्येक ऊबदार अंगातून न दिसणारे किरण बाहेर पडतात. डबीच्या तोंडावरच्या खवल्याखवल्यांच्या प्लास्टिक भिंगातून ते दोन शेजारच्या संवेदकांवर पडतात. हे दोघे एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. सगळे रान एकदम तापले तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडतात आणि काही घडत नाही. ऊबदार काहीतरी आधी एकासमोरून आणि मग दुसऱ्यासमोरून सरकले, तरच कॅमेरा जागा होतो. म्हणून तो वाटेला आडवा रोखतात. सरळ अंगावर चालून येणारा वाघ त्याला उशिरा कळतो.

विदर्भाचा उन्हाळा या युक्तीची परीक्षा बघतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की भोवतालची जमीन आणि वाघाचे अंग यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही. दुपारी तर तापलेले पान हलले तरी कॅमेरा फोटो काढतो आणि खरे जनावर तसेच निघून जाते. सूर्य थेट भिंगात येऊ नये म्हणून तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करत नाहीत. समोरचे गवत कापतात. ही सगळी काळजी कोयत्याने घ्यावी लागते, चिपला ती घेता येत नाही.

रात्रीचा पेच वेगळा. अवरक्त दिवे लावले तर जनावर बुजत नाही, पण तो उजेड अपुरा असल्याने पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि चालत्या वाघाचे पट्टे फराटे होऊन जातात. पांढऱ्या फ्लॅशची ठिणगी इतकी क्षणिक असते की उचललेला पंजाही हवेत थबकलेला दिसतो. वाघ मोजायचे असतील तर पांढरा फ्लॅशच बरा, कारण सगळा हिशेब पट्ट्यांवर आहे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. त्यातही एकाच वाघाची डावी कूस आणि उजवी कूस वेगळी, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक डबी लागते. एकच लावली तर डाव्या कुशीचा एक आणि उजव्या कुशीचा दुसरा, असे एका वाघाचे दोन होऊ शकतात. पूर्वी पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशांवरून, गणना व्हायची तेव्हाही असे घोळ होत. राजस्थानातल्या सरिस्क्यात वाघ उरलेच नाहीत हे २००५ मध्ये उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. २००६ च्या गणनेपासून देशभर कॅमेरा आणि संख्याशास्त्र आले. त्याचा पाया वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत १९९० च्या दशकात घातला होता.

नुसता फोटो मात्र अर्धीच माहिती देतो. तो कुठे काढला हे ठाऊक नसेल तर तो भिंतीवर लावण्यापुरता. जंगलाची चौकटी-चौकटींत वाटणी करून दर दोन चौरस किलोमीटरला एक जोडी लावतात आणि तिच्या जागेची जीपीएसवर नोंद करतात. तेच पट्टे तीन ठिकाणी दिसले की नकाशावर त्रिकोण उमटतो, आणि वाघाच्या फिरण्याचा परिसर दिसू लागतो. ठाऊक असलेल्या जागांवरून नजर लावून ठाऊक नसलेली जागा शोधायची, ही विद्या विदर्भाला नवी नाही. १८०२ मध्ये मद्रासेहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्टन अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, ओढत उत्तरेकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात वारला. वनरक्षक नोंदवहीत जो कक्ष क्रमांक लिहितो, त्याच्या मागचा नकाशा त्या मोजणीच्या वंशातला आहे.

जागेचे मोल इथे कधीकधी जिवावर बेतते. सीटी-१ हे नाव वडसा भागात अजून कोणी विसरलेले नसेल. सीटी म्हणजे ‘कॉन्फ्लिक्ट टायगर’, माणसाशी संघर्षात आलेला वाघ. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या तीन वनक्षेत्रांत मिळून १३ माणसांचा बळी गेल्यावर १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याला बेशुद्ध करून पकडले आणि नागपूरच्या गोरेवाड्याला नेले. अशा वेळी गावाला एकच गोष्ट हवी असते, वाघ धरा. पण कुठला वाघ? चुकीचा धरला तर खरा मोकळाच राहतो. तीन वनक्षेत्रांत फिरणारे जनावर एकच आहे का, हे कुशीवरच्या पट्ट्यांनीच ठरते.

२०१८ च्या गणनेत देशात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. म्हणजे हजारांत दोन. उरलेल्यांत चितळ, डुक्कर, हललेली पाने, गुरे असतात आणि माणसेही असतात. मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बाया, तेंदूपत्त्याचे पुडके डोक्यावर घेतलेला माणूस. गडचिरोलीत शेकडो ग्रामसभांना जंगलावर सामूहिक हक्क मिळालेले आहेत, तेव्हा ही माणसे त्या वाटेवर घुसखोर नव्हेत. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलाबद्दल संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो की कॅमेरे आल्यावर तिथल्या बायका रानात गाईनाशा झाल्या, हळू बोलू लागल्या. आवाज नसला तर वाघाला माणसाची चाहूल लागत नाही. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्याने असा धोका वाढवावा, हे मला त्याच्या सगळ्या तांत्रिक दोषांपेक्षा मोठे वाटते. ‘इथे कॅमेरा लावला आहे, इतक्या दिवसांनी काढू’ एवढे ग्रामसभेत सांगायला कुठलेही यंत्र लागत नाही.

उजेड किती, हे डबी स्वतः ठरवते. केव्हा, हेही तीच ठरवते. कुठे, हे तिला ठरवता येत नाही. वाघ नाल्याच्या कुठल्या काठाने उतरतो, जुनी बैलगाडीची वाट त्याला का आवडते, हे सांगणारा माणूस गावातलाच असतो, बहुधा रोजंदारीवरचा वनमजूर. तो बोट दाखवतो त्या झाडाला पट्टा आवळला जातो.

महिन्याभराने कार्ड काढून संगणकाला लावतात. पहिल्या फोटोत हातात तारखेची पाटी धरलेला किंवा गुडघे टेकून रांगणारा कोणीतरी असतो. शेवटच्या फोटोत एक तळहात, डबी सोडवायला पुढे आलेला. तो इतका जवळ असतो की फ्लॅशला आवरते घेणे जमत नाही, आणि त्याच्या रेषा पांढऱ्या उजेडात पार पुसून गेलेल्या असतात.