हरलेल्या वेढ्यातील जिंकलेला दिवस

काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात वसलेल्या सेव्हास्तोपोल बंदराला इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क फौजांनी १८५४ साली घातलेला वेढा ३४९ दिवस चालला आणि मालाखोव टेकडीवरील बुरूज फ्रेंचांनी सर करताच रशियनांनी शहर सोडले. परंतु वेढा संपल्यावर १८५६ साली ओडेसात जन्मलेल्या फ्रान्झ रुबो या चित्रकाराने पुढे तो प्रसंग चितारावयास घेतला, तेव्हा पाडावाचा दिवस बाजूस सारून त्याने १८ जून १८५५ हा दिवस निवडला. वॉटर्लूच्या लढाईला त्या तारखेस चाळीस वर्षे पूर्ण होत होती. तो मुहूर्त साधून दोस्तांनी निकराचा हल्ला चढविला आणि तो सपशेल फसला.

सुमारे १४ मीटर उंच व ११५ मीटर लांब असा हा कॅनव्हास रुबोने म्युनिचमध्ये रंगविला, आणि वेढ्यातील चौथ्या बुरुजाच्या जागी उभारलेल्या गोल इमारतीत तो सभोवार ताणण्यात आला. मधल्या सज्जावर चढलेल्या प्रेक्षकाला आपण मालाखोववरच उभे आहोत असे वाटते. कारण सज्जा आणि चित्र यांमधील जागेत माती, तोफा, मोर्चे असे काही रचलेले आहे की, वस्तू कोठे संपते आणि रंग कोठे सुरू होतो, याचा थांग लागू नये.

हे चित्र २७ मे १९०५ रोजी लोकांस खुले झाले, आणि त्याच दिवशी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियन आरमाराची धूळधाण आरंभिली. पुढे १९४२ च्या जर्मन वेढ्यात बॉम्बफेकीने इमारत पेटली, तेव्हा आगीतून वाचविलेले चित्राचे ८६ तुकडे जहाजाने सुरक्षित स्थळी नेण्यात आले. सोव्हिएत चित्रकारांनी ते नव्याने रंगवून १९५४ मध्ये पुन्हा मांडले.

१८ जूनच्या त्या दिवसाशी मराठ्यांच्या इतिहासाचाही एक धागा गुंतलेला आहे. दुसऱ्या बाजीरावांचा आठ लाखांचा तनखा आपल्याला मिळावा, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी विलायतेस धाडलेला वकील अजीमुल्लाखान रिकाम्या हाती परतत असता, इंग्रज-फ्रेंचांना एकत्र हरविणारे हे रशियन पाहावेत, या ओढीने क्रिमियात गेला. ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल याने तशी नोंद केली आहे. रशियनांनी पराभवावरील उतारा म्हणून ज्या दिवसाचे चित्र जपले, त्याच दिवसाची बातमी घेऊन नानासाहेबांचा वकील १८५७ च्या उंबरठ्यावरील हिंदुस्थानात परतला.