जुन्या मिक्सरचा जीर्णोद्धार

‘मिक्सर’ म्हटले की आपल्याकडे चटणी वाटण्याचे यंत्र डोळ्यांसमोर येते. या लेखाचा विषय मी सांगितला तेव्हा आमच्या वर्गातही पहिला हशा त्यावरूनच पिकला. म्हणून आरंभीच खुलासा करतो. मला अभिप्रेत असलेला मिक्सर ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतला आहे. त्याला तेथे ‘कन्सोल’ही म्हणतात. चांगला लांबरुंद, उतरत्या मेजासारखा. त्यावर शेकडो गोल खुंट्या, सरकत्या पट्ट्या आणि काट्यांची मीटरे. गायकापुढे एक मायक्रोफोन, तबल्यापुढे दुसरा, व्हायोलिनांपुढे तिसरा. प्रत्येकाचा आवाज या मेजात स्वतंत्र वाटेने शिरतो. तेथे तो मोठा होतो, त्यातला खर्ज किंवा तीक्ष्णपणा कमी-अधिक केला जातो आणि शेवटी सगळ्या वाटा एका प्रवाहात मिळतात. आज हे काम संगणक करू शकतो. तरीही १९७० च्या आसपासचे असे अ‍ॅनालॉग कन्सोल शोधून, दुरुस्त करून, पुन्हा कामाला लावणारे लोक जगभर आहेत.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे काही प्राध्यापक विचारतील. एक उत्तर घरगुती आहे. माझे मामा तालुक्याच्या गावी रेडिओ आणि मांडवातले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. सुटीत मी त्यांच्या हाताखाली असतो आणि माझी फी बऱ्याच अंशी त्या दुकानातून येते. दुसरे उत्तर असे की, या जीर्णोद्धारात एक वाद आहे आणि तो मला आमच्या मराठीच्या तासाला शिकलेल्या पाठचिकित्सेच्या अगदी जवळचा वाटतो. परंतु त्या वादाकडे येण्यापूर्वी यंत्र समजून घेतले पाहिजे.

उदाहरणासाठी मी नीव्ह कंपनीचे कन्सोल घेतो, कारण या विषयात त्याचे नाव सर्वांत जास्त निघते. रूपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) हा इंग्रज अभियंता. बालपण अर्जेंटिनात गेले. १९६१ साली त्याने इंग्लंडमध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९६४ पासून व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर वापरून स्टुडिओची यंत्रे बांधायला सुरुवात केली. १९७० साली त्याच्याकडे ‘१०७३’ या क्रमांकाचा एक विभाग तयार झाला. विभाग म्हणजे एका मायक्रोफोनची एक संपूर्ण वाट, एका अरुंद डब्यात बसवलेली. असे डबे शेजारी शेजारी उभे केले की कन्सोल होतो. एखादा डबा बिघडला तर तो ओढून बाहेर काढायचा, दुसरा सरकवायचा. यंत्र बिघडणारच, हे गृहीत धरूनच ते रचलेले होते. आमच्या दुकानात हल्ली येणाऱ्या छोट्या मिक्सरांत सुटा भाग बदलायला बोटाला आणि चिमट्याला जागाच नसते; पाटी जळाली की अख्खी पाटी बदला, नाही तर नवा मिक्सर घ्या. तेव्हा नीव्हच्या या रचनेचे मला जरा अधिकच कौतुक वाटते.

मायक्रोफोनमधून येणारी वीज अगदी क्षीण असते, एका व्होल्टचे काही हजारावे भाग. ती सुमारे हजारपट वाढवल्याशिवाय उपयोगी पडत नाही. अभियंत्यांच्या भाषेत हे ६० डेसिबल. ‘१०७३’ मध्ये ८० डेसिबलपर्यंत, म्हणजे दहा हजारपट, वाढवण्याची सोय आहे. आता विचार करा : जे दहा हजारपट वाढते त्यात फक्त गाणे नसते. वाटेतल्या एखाद्या मळक्या स्विचची खरखर, वीजपुरवठ्यातली घरघर, हेही तितकेच वाढते. जुन्या कन्सोलमध्ये बारीकसा दोष मोठा होऊन ऐकू येतो तो यामुळे.

या वाटेच्या आरंभी आणि शेवटी एकेक ट्रान्सफॉर्मर असतो. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि मध्ये धातूच्या पत्र्यांचा गाभा. एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज थेट जात नाही, चुंबकत्वाच्या द्वारे जाते. आवाज फार मोठा झाला, विशेषतः खर्जाचा, की गाभा त्याला पुरता साथ देऊ शकत नाही. पण तो एकदम तुटत नाही, हळूहळू वाकतो. त्या वाकण्यातून मूळ स्वराच्या पटीतले काही उपस्वर निर्माण होतात आणि कानाला आवाज भरीव वाटतो. शास्त्राच्या दृष्टीने हा दोषच. परंतु ज्याला लोक ‘जुन्या कन्सोलचा आवाज’ म्हणतात त्यातला मोठा वाटा या दोषाचा आहे. ट्रान्सफॉर्मर जळला नाही, तुटला नाही, तर पन्नास वर्षांनीही तो जवळजवळ होता तसाच असतो.

कंडेन्सरचे तसे नाही. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सरच. यातला जो इलेक्ट्रोलिटिक नावाचा प्रकार, तो म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रसायनात भिजवलेला कागद, यांची गुंडाळी. हा ओलावा आहे तोवर कंडेन्सर जिवंत. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. नियम असा सांगतात की, तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. ‘१०५ अंशांना २००० तास’ असे लिहिलेला कंडेन्सर ५५ अंशांत ठेवला, तर हिशेबाने ६४,००० तास होतात. अहोरात्र वीज चालू असेल तर सात वर्षांहून थोडे अधिक. प्रत्यक्षात पुष्कळ कंडेन्सर याच्या कितीतरी पट टिकतात, ही गोष्ट निराळी. आणि नीव्हचे हे कन्सोल तर नेहमी गरमच. त्यांतली ध्वनी वाढवणारी मंडले ‘क्लास ए’ जातीची, म्हणजे गाणे चालू असो वा नसो, वीज वाहतच असते. त्यातून स्टुडिओत यंत्र महिनोन्‌महिने बंदच करीत नाहीत.

कंडेन्सर सुकला की काय होते? तो ज्या जागी असेल तसा तो त्रास देतो. वीजपुरवठ्यात असला तर घरघर वाढते. ५० आवर्तनांची वीज एकदिश केल्यावर जी १०० आवर्तनांची लाट उरते, ती दाबणे त्याचे काम, आणि तेच त्याला जमेनासे होते. ध्वनीच्या वाटेवर असला तर खर्ज पातळ होतो. गळू लागला तर खुंटी फिरवताना खरखर ऐकू येते. टँटलम नावाचा दुसरा प्रकार याहून धोक्याचा. तो सुकत नाही. एखाद्या दिवशी आतल्या आत जोडला जातो आणि शेजारच्या भागांनाही घेऊन जातो.

म्हणूनच वर्षानुवर्षे बंद पडलेला कन्सोल मिळाला की हौसेने लगेच बटण दाबायचे नसते. जाणकार आधी वीजपुरवठा कन्सोलपासून सोडवून बाहेर काढतात, त्यातले कंडेन्सर बदलतात, त्याला खोटा भार जोडतात आणि डिमरस्टॅटने विजेचा दाब शून्यापासून हळूहळू वर नेतात. नीव्हच्या या मालिकेला २४ व्होल्ट लागतात. ते स्थिर मिळाले आणि लाट दबली, तरच पुढची पायरी. मग एकच विभाग जोडायचा. सगळे एकदम कधीच नाही.

पुढचे काम अतिशय कंटाळवाणे आहे आणि माझ्या मते सगळे कौशल्य त्यातच आहे. विभाग काढा, छायाचित्र घ्या, मोजा. खर्जापासून तारेपर्यंत आवाज किती समान येतो, नुसती शांतता किती गोंगाट करते, स्वर किती विकृत होतो, हे आकडे वहीत लिहा. मग कंडेन्सर बदला आणि पुन्हा मोजा. जुन्या पाटीवरची तांब्याची रेघ उष्णतेने सहज उचकटते, तेव्हा सोल्डरिंग आयर्न क्षणभरापेक्षा जास्त टेकवायचे नाही. नवे कंडेन्सर तेवढ्याच क्षमतेचे असूनही आकाराने लहान असतात. जुन्या भोकांत बसवताना त्यांचे पाय ताणले जातात, त्यांना आधार द्यावा लागतो. धन-ऋण टोके उलटी लागली तर सगळेच मुसळ केरात. स्विचचे काळे पडलेले चांदीचे बिंदू आधी साफ करून पाहायचे. लगेच बदलायचे नाहीत. असे एका विभागाचे झाले की दुसरा, मग तिसरा.

आता वाद. एक पक्ष म्हणतो, सगळेच जुने भाग काढा, नवे घाला, यंत्र कारखान्यातून आल्यासारखे होऊ द्या. दुसरा म्हणतो, हात लावू नका, पन्नास वर्षांनी मुरलेला आवाज नवीन कंडेन्सरांनी निघून जाईल. दुसऱ्या पक्षाविषयी ऐकणाऱ्याला सहानुभूती वाटते, कारण ‘मुरलेला’ हा शब्दच गोड आहे. पण लोणचे मुरते तसा कंडेन्सर मुरत नाही, तो सुकतो. आजीच्या तांब्याच्या हंड्याला दर काही महिन्यांनी कल्हई लागायची. कल्हईवाला भाता चालवायचा, नवसागराचा धूर व्हायचा, हंडा आतून चकचकीत होऊन यायचा. हंडा नवा झाला, जुना हरवला, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. कल्हई झिजण्यासाठीच असते. कंडेन्सर ही या यंत्राची कल्हई आहे आणि ट्रान्सफॉर्मर हे तांबे.

पहिल्या पक्षाचे चुकते ते नेमके येथेच. तांबे आणि कल्हई यांत फरक न करता तो हंडाच बदलायला निघतो. ट्रान्सफॉर्मर काढून त्याजागी अधिक ‘शुद्ध’ नवे मंडल घातले, तर मोजणीचे आकडे सुधारतीलही. पण तो मग नीव्हचा कन्सोल राहत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. लेखकूंच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. स्वतःच्या काळाला न रुचणारे मूळचे प्रयोग नव्हेत. सुकलेला कंडेन्सर, काळा पडलेला स्विच, मूल्य बदललेला एखादा रेझिस्टन्स हे सगळे काळाने घातलेले अपपाठ आहेत. ट्रान्सफॉर्मरचे वाकणे हा ग्रंथकाराचा स्वतःचा प्रयोग आहे. म्हणून माझे मत असे : इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सरसकट बदलावेत, एकेक शोधत बसू नये. कारण अठ्ठावीस वाटांच्या यंत्रात ते शेकडो असतात, आणि आज चांगला मोजला गेलेला उद्या ऐन मुद्रणात दगा देतो. बाकी प्रत्येक भागाला मोजणी होईपर्यंत निर्दोष समजावे. ट्रान्झिस्टर चालू असेल तर त्याला राहू द्यावे.

या यंत्रांचा खरा शत्रू मात्र काळ नाही, बाजार आहे. डबे सुटे काढता येतात ही जी सोय, तीच त्यांच्या मुळावर आली. जुने कन्सोल स्टुडिओंना नकोसे झाले तेव्हा पुष्कळ व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, विभाग ओढून काढले आणि एकेक, दोन-दोन करून विकले. अख्ख्या यंत्रापेक्षा सुट्या डब्यांचे पैसे अधिक येत. उरलेला सांगाडा, त्यातल्या मेणदोऱ्याने बांधलेल्या तारांच्या जुड्या, सगळ्या वाटा एकत्र करणारी मंडले, ही भंगारात. सुटा ‘१०७३’ आजही सुंदर वाजतो, यात शंका नाही. पण चोवीस वाद्ये जेथे एकमेकांत मिसळत होती ती जागा गेली, आणि ती पुन्हा बांधता येत नाही.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइज भागात ‘साउंड सिटी’ नावाचा स्टुडिओ आहे. तेथे १९७३ साली नीव्हचा ‘८०२८’ कन्सोल आला. ‘फ्लीटवुड मॅक’ या वाद्यवृंदाची १९७५ ची ध्वनिमुद्रिका त्यावर झाली, आणि १९९१ मध्ये ‘निर्व्हाना’ची ‘नेव्हरमाइंड’ही. निर्व्हानाचा ड्रमवादक डेव्ह ग्रोल याने २०११ साली तो कन्सोल अखंड विकत घेतला आणि आपल्या ‘स्टुडिओ ६०६’ मध्ये पुन्हा उभा केला. त्यावर त्याने काढलेला ‘साउंड सिटी’ हा माहितीपट २०१३ चा. माहितीपटात तो कन्सोलवर जितके प्रेम दाखवतो तितके दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातांवर कॅमेरा रेंगाळत नाही, अशी माझी तक्रार आहे. असो. आपल्या घरांतल्या कुत्र्याच्या चित्राच्या तबकड्या ज्या ईएमआय कंपनीच्या परिवारातल्या, तिने तर कन्सोलही स्वतःच बांधले. बीटल्सची ‘अ‍ॅबी रोड’ ही १९६९ ची ध्वनिमुद्रिका तिच्या ‘टीजी १२३४५’ वर झाली.

सर्व विभाग परत बसले की शेवटची परीक्षा शांततेची. एकही मायक्रोफोन जोडायचा नाही, सगळ्या पट्ट्या वर सरकवायच्या आणि ऐकायचे. चांगल्या कन्सोलमधून पावसाआधीच्या वाऱ्यासारखी एकसारखी, मंद सळसळ येते. त्यात घूं असा आवाज आला तर अर्थिंगमध्ये कुठे तरी वेटोळे पडले आहे. टकटक आली तर एखादा ट्रान्झिस्टर. ते सापडेपर्यंत पुन्हा एकेक डबा ओढायचा. हे आटोपले की काही दिवस यंत्र नुसतेच चालू ठेवतात, गरम होऊ देतात आणि पुन्हा मोजतात. मग कोणता कंडेन्सर कोणत्या तारखेला बदलला, किती क्षमतेचा, आधीचे आकडे कोणते आणि नंतरचे कोणते, हे एका कागदावर लिहून तो कागद कन्सोलच्या मागच्या झाकणाच्या आत चिकटवतात. पुढच्या वेळी हे झाकण उघडणारा माणूस बहुधा दुसराच असतो.