मोटार नसलेले पाणी

मागच्या हिवाळ्यात आम्ही नाशिकहून शाळेची सहल घेऊन औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. पाणचक्कीच्या हौदात उंच भिंतीवरून धो धो पडणारे पाणी पाहून सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मोटार कुठे बसवलीय?"

मोटार नाहीच! गोष्ट सुरू होते ती इथूनच.

हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 मध्ये त्याने खडकी शहर वसवले. नावाप्रमाणेच जागा खडकाळ, पाण्याची अडचण. त्याने उत्तरेच्या डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखाली गोळा केले आणि मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. वाटेत ठिकठिकाणी मनोरे बांधले. त्यांतून नळातली हवा बाहेर पडे आणि पाण्याचा दाब आवरला जाई. मोहल्ल्यामोहल्ल्यात हौद भरू लागले. हीच नहर-ए-अंबरी. 1626 मध्ये मलिक अंबर वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे. नहर मात्र वाहत राहिली आणि तिच्या धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या.

पाणचक्कीची नहर वेगळी, नंतरची. ती 1744 मध्ये पुरी झाली. तिच्या पाण्यावर जाते फिरे. त्या पिठाच्या भाकरी बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातले फकीर आणि वाटसरू खात. हौदाखाली प्रशस्त दालन आहे. वर पाणी असल्यामुळे ते भर उन्हाळ्यातही गार राहते.

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. पाणी हा सदका-ए-जारिया आहे. पण 'जारिया' म्हणजे चालू राहणारा. बांधणारा एकदाच बांधतो, चालू ठेवायचे काम वापरणाऱ्यांचे असते. घरोघरी नळ आले आणि नहरींकडे कुणी पाहिनासे झाले. कुठे बांधकामात नळ फुटले, कुठे राडारोडा पडला.

आमच्या दादी गोदाघाटावर धुणे धुवायला जात. शेजारच्या दगडावर कोण बसले आहे हे कुणी विचारत नसे. मात्र दगड घासून, पाणी मारून मगच उठायचे, हा सर्वांचा रिवाज होता. दादींना तो कुणी शिकवला नव्हता. पाणी सर्वांचे, म्हणून काळजीही सर्वांची.

आज गंगापूर धरणाचे पाणी आमच्या स्वयंपाकघरात येते. सहलीहून परतलो त्या पहाटे गच्चीवरची टाकी नेहमीप्रमाणे भरून वाहत होती. फजरच्या नमाजेसाठी वुजू करताना तो आवाज आम्ही वर्षभर ऐकत आलो होतो. त्या दिवशी नाश्त्याआधी दुकान गाठले आणि नवा बॉलकॉक आणून बसवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीला हे सांगितले. ती म्हणाली, "सर, आमचीपण टाकी वाहते."