वेगवान गोलंदाजाचा मणका

१९७३ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. डेनिस लिली तेव्हा २३ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याने इंग्लंडमध्ये पाच कसोटींत ३१ बळी घेतले होते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत मात्र त्याला एकही बळी मिळाला नाही आणि त्या दौऱ्यात तो पुन्हा कसोटी खेळू शकला नाही. कंबर दुखत होती. तपासणीत कंबरेच्या मणक्यांना चिरा गेल्याचे आढळले. तो कुठे आपटला नव्हता, त्याला कुणी धडकलेही नव्हते. मग धडधाकट तरुणाचे हाड नुसते चेंडू टाकून चिरते कसे?

एक छोटे गणित करू. नववीच्या वर्गातही ते करून घेता येईल. क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. तो ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ३९ मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १२० जूल भरते. आता गोलंदाज पाहा. वजन ७५ किलो आणि धावण्याचा वेग सेकंदाला ६ मीटर धरला, तर त्याची ऊर्जा होते १,३५० जूल. चेंडूच्या अकरापट! आपले सगळे लक्ष चेंडूकडे असते, पण खरा मोठा ऐवज धावत येणाऱ्या शरीरात असतो. पुढचा पाय टेकताच या शरीराला मोठा अटकाव बसतो आणि तोही सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात. संवेग तेवढाच, पण तो बदलायला वेळ कमी, म्हणजे बल जास्त. झेल घेताना आपण हात मागे नेतो तो हा वेळ वाढवण्यासाठीच. गोलंदाजाला ती सवलत नाही. गुडघा वाकवला तर धक्का सौम्य होतो, पण वेगही जातो. गुडघा ताठ ठेवला तर वेग मिळतो आणि धक्का वर चढतो. बल मोजणाऱ्या पट्टीवर गोलंदाजांना धावायला लावून केलेल्या मोजणीत पुढच्या पायावरचे बल शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट, कधी त्याहूनही अधिक आढळले आहे.

हा धक्का येतो नेमका त्याच क्षणी कंबर तिहेरी अडचणीत असते. ती मागे कमानलेली असते, एका बाजूला कललेली असते आणि पिळलीही जात असते. प्रत्येक मणक्याच्या मागच्या अंगाला हाडाची एक कमान असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक अरुंद पट्टी. वरच्या आणि खालच्या मणक्यांशी जुळणारे सांधे या पट्टीच्या दोन टोकांना येतात, त्यामुळे पिळाचा आणि वाकण्याचा ताण तिच्यावरच एकवटतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याची चीर बहुधा डाव्या बाजूच्या पट्टीत असते आणि ती कंबरेच्या पाच मणक्यांपैकी खालच्या दोनांत जास्त दिसते. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रीकरणाच्या आधारे आणखी एक गोष्ट दाखवली. टाकताना ज्यांचे खांदे आणि कंबर विरुद्ध दिशांना वळतात, अशा 'मिश्र' शैलीच्या गोलंदाजांत पाठीची दुखापत अधिक आढळते.

लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला असतो. हाडाचेही तसेच होते असे सांगून थांबलो, तर मुख्य गोष्टच राहून जाईल. तार निर्जीव असते, हाड जिवंत असते. ताणाने हाडात सूक्ष्म भेगा पडल्या की एका प्रकारच्या पेशी तो खराब भाग विरघळवून टाकतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड रचतात. हे नवे हाड पहिल्याहून बळकटही होते. म्हणूनच गोलंदाजाचे हाड गोलंदाजीनेच तयार होते. पण यात एक खोच आहे. विरघळवण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, तर नवे हाड पूर्ण कडक व्हायला महिने लागतात. मधल्या काळात ते पूर्वीपेक्षा कमकुवत असते आणि नेमका याच काळात षटकांचा मारा वाढला, तर चीर पडते. ऑस्ट्रेलियातील गोलंदाजांच्या एका अभ्यासात, एकाच सामन्यात फार षटके टाकल्यावर दुखापतीचा धोका पुढचे तीन-चार आठवडे वाढलेला दिसला. आज टाकलेल्या षटकांचे बिल हे असे पुढच्या महिन्यात येते, आणि तोवर सारे ठीक वाटते.

लिलीला काही आठवडे प्लॅस्टरमध्ये काढावे लागले. मग शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक फ्रँक पाइक यांच्या देखरेखीखाली त्याने स्नायू बळकट करण्याचा लांबलचक कार्यक्रम पाळला. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये तो कसोटीत परतला आणि १९८४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ७० कसोटींत त्याचे ३५५ बळी होते. त्यांतले सुमारे तीनशे या दुखापतीनंतरचे! पुढे १९८७ पासून पंचवीस वर्षे मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो भारतीय गोलंदाज घडवत होता. श्रीरामपूरचा झहीर खान याच संस्थेतून पुढे आला.

पॅट कमिन्सची कथा लिलीपेक्षाही बोलकी आहे. २०११ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने जोहान्सबर्गला पहिल्याच कसोटीत सात बळी घेतले. त्याची दुसरी कसोटी झाली २०१७ च्या मार्चमध्ये, रांचीला. मधली सव्वापाच वर्षे मुख्यतः पाठीच्या दुखापतींत गेली. कमानीची ती पट्टी विशीतही पक्की होत असते, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलाचा चेंडू मोठ्यांइतका वेगवान असला तरी हाड मोठ्यांचे नसते. रांचीच्या त्या एका डावात मात्र कमिन्सने ३९ षटके टाकली. २०२५ मध्ये कंबरेच्या हाडावर ताणाची खूण पुन्हा दिसताच त्याची गोलंदाजी थांबवण्यात आली. एमआरआय तपासणीत चीर पडण्याआधीची सूज दिसू शकते. लिलीच्या वेळी ही सोय नव्हती.

शाळेतल्या मुलांसाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने घातलेल्या मर्यादा पाहण्यासारख्या आहेत. तेरा वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाने सलग पाच आणि दिवसभरात दहाच षटके टाकावीत. चौदा-पंधराव्या वर्षी सलग सहा आणि दिवसात बारा. आपल्याकडे मात्र उंच, दणकट मुलगा दिसला की कप्तान चेंडू त्याच्याच हातात देतो आणि गडी बाद होईपर्यंत काढून घेत नाही. हाच मुलगा वरच्या वर्गाच्या संघातूनही खेळतो आणि संध्याकाळी गल्लीतही टाकतो.

अशा मुलाची कंबर एकाच बाजूला, टाकत्या हाताच्या विरुद्ध अंगाला दुखत असेल, मागे वाकल्यावर दुखणे वाढत असेल, आठवडाभर विश्रांतीने थांबून गोलंदाजी सुरू करताच परत येत असेल, तर मलम चोळत बसू नये. त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. आणि त्याआधीच एक वही घालावी. तारीख, सामन्यातले चेंडू आणि सरावातले चेंडू, असे तीन रकाने पुरतात. षटकांपेक्षा चेंडू मोजणे बरे, कारण सरावात षटके नसतातच.